धम्म मानणाऱ्याने अंग कमवावं का?

प्रश्न इचलकरंजीहून आलाय. विचारणारा २४ वर्षांचा आहे, तीन वर्षं नेमाने जिमला जातो, घर बौद्ध. दिवाळीच्या सुट्टीत हातकणंगल्याजवळ आळत्याच्या धम्मालयात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसून आला. तेव्हापासून बार हातात धरला की मनात येतं, ही तृष्णाच नाही का? वडील म्हणतात, देह अनित्य आहे, त्याला कशाला एवढं सजवायचं. जिममधला मित्र म्हणतो, बौद्ध विचार सोड, स्टोइक वाच, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन विचारवंतांचा तो पंथ, ते मर्दांचं तत्त्वज्ञान आहे. या गोंधळात त्याने दुपारनंतर जेवण बंद केलं आणि दोन महिन्यांत वजन ७२ वरून ६६ किलोवर आलं. उजवा खांदा दुखतोय, पण "समतेने पाहत", म्हणजे शिबिरात शिकवतात तसं दुखण्यावर न चिडता, प्रेस (वजन हातांनी ढकलायचा व्यायाम) चालूच ठेवलाय. शेवटी विचारलंय: सर, धम्म आणि फिटनेस एकत्र बसतात का, की एक सोडावं लागेल?

मी बावीस वर्षांचा होईपर्यंत तालमीच्या मातीत लढलो. गेली २६ वर्षं कोल्हापुरात पोरांकडून मेहनत करून घेतोय. आळत्याला तीनदा बसलोय. त्या जोरावर सांगतो: काही सोडावं लागणार नाही. धम्म व्यायामाच्या आड कुठेच येत नाही. तो एका वेगळ्याच गोष्टीच्या आड येतो, तिला धम्माने नावही दिलंय, त्याकडे पुढे येतो. आधी तुझं जेवण, कारण तिथे रोज नुकसान होतंय.

दुपारनंतर न जेवणं हा भिक्खूंचा नियम आहे. उपासकाला पंचशील आहे. उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येसारख्या व्रताच्या दिवशी अष्टशील (आठ नियम) घेतलं तर विकालभोजन, म्हणजे दुपारनंतरचं जेवण, वर्ज्य होतं, आणि शिबिरात जुने साधक संध्याकाळी लिंबूपाण्यावर राहतात, तेही दहा दिवसांपुरतं. तिथे दिवसभर बसायचं असतं. शिबिराच्या नियमांत योगासनं आणि जोराचा व्यायामही बंद ठेवायला सांगितलेलं असतं, फक्त चालायला मोकळीक. म्हणजे त्या जेवणाचा हिशोब त्या दिनक्रमाशी जुळवलेला आहे. तू तो जेवणाचा नियम घरी आणलास आणि त्याला जोडून आठवड्यातून पाच दिवस स्क्वॉट आणि डेडलिफ्ट ठेवलेस. भिक्खूचं ताट आणि पैलवानाची मेहनत एका अंगावर टाकलीस तर अंग कशावर उभं राहील? ते सहा किलो निव्वळ चरबीचे गेलेले नाहीत. तूच लिहिलंयस की बेंचवर आता १५ किलो कमी निघतं.

आणि उपाशी राहून काय होतं हे सिद्धार्थाइतकं कुणी करून पाहिलेलं नाही. मज्झिम निकाय या बुद्धांच्या प्रवचनांच्या पाली संग्रहात त्यांनी स्वतः सांगितलंय: पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागे, अंगावरून हात फिरवावा तर मुळातून कुजलेले केस गळून पडत. शेवटी त्यांनी ठरवलं की एवढ्या खंगलेल्या देहाने ते सुख मिळणं सोपं नाही, आणि भात खाल्ला. सोबतचे पाच जण नाराज होऊन निघून गेले. पुढे सारनाथला पहिलं प्रवचन झालं ते याच पाच जणांसमोर, आणि त्यात मध्यम मार्ग होता. तुझ्या वडिलांना हे जरूर सांग. देह अनित्य आहे हे खरंच. पण ज्यांनी ते शिकवलं त्यांनी देह मोडायचा प्रयोग करून पाहिला आणि तो सोडून दिला.

विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, दुसरी एक गोष्ट मला वैद्यकीय नोंदीसारखी वाटते. वेसालीला लोक भिक्खूंना गोडाधोडाचं, भारी जेवण घालू लागले. खाऊन बसून राहिल्याने बरेच भिक्खू आजारी पडले. वैद्य जीवकाने ते पाहिलं आणि बुद्धांकडे जाऊन दोन गोष्टी मागितल्या: चंक्रमण, म्हणजे येरझारा घालायची जागा, आणि जंताघर, म्हणजे वाफेने घाम काढायची खोली. दोन्हींना परवानगी मिळाली. अंगुत्तर निकाय या प्रवचनांच्या दुसऱ्या संग्रहात तर चंक्रमणाचे पाच फायदे मोजून दिलेत: लांबचा प्रवास झेपतो, साधनेचे कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं, आणि चालता चालता मिळालेली समाधी जास्त टिकते. पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारलंस तर यातले निदान तीन ते स्वतःहून सांगतील.

आता मेहनत किती करायची. इथे मला सोणाची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते, कारण तसा पोरगा दरवर्षी माझ्याकडे येतोच.

सोण कोळिविस हा चंपेच्या श्रीमंत घरचा मुलगा. इतका लाडात वाढलेला की तळपायावर लव होती असं वर्णन आहे. भिक्खू झाला आणि अतिउत्साहाने इतकं चंक्रमण केलं की पाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी मनाला काही लाभेना. मग वाटलं, घरी पैसा आहे, परत जावं, दानधर्म करावा. बुद्ध त्याच्याकडे आले आणि विचारलं, घरी असताना तू वीणा चांगली वाजवायचास ना? तारा फार ताणल्या की वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या की? नाही. तसंच वीर्याचं, म्हणजे साधनेतल्या प्रयत्नाचं आहे, फार ताणलंस तर मन उधळतं, फार सैल सोडलंस तर आळसावतं.

एवढी गोष्ट सगळे सांगतात. प्रशिक्षक म्हणून मला तिच्यातल्या दुसऱ्या दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. एक, सोणाने तेव्हा साधना थांबवली नाही, तिची मात्रा बदलली. दुसरी, त्याच्या पायांकडे पाहून बुद्धांनी त्याला पादत्राण वापरायची मुभा दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नको, लोक बोलतील की सोण चपलेला भुलला. तेव्हा एकपदरी पादत्राणाची मुभा सगळ्या संघालाच दिली गेली. म्हणजे चेल्याचं मन सावरलं, मेहनतीचा ताण बदलला आणि साधनही बदललं. वस्तादाने याहून वेगळं काय करायचं असतं?

जिममध्ये याचा अर्थ अगदी साधा आहे. स्नायू वाढतो तो विश्रांतीत आणि झोपेत, सेट चालू असताना नाही. सेट त्याला फक्त कारण देतो. रोज शेवटचा रेप डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत काढणारा पोरगा सहा महिन्यांत एक तर दुखावतो, नाहीतर कंटाळून घरी बसतो. सोणालाही घरी जावंसं वाटलंच होतं. मी बहुतेक सेट दोन रेप हातात राखून सोडायला लावतो. आपल्या वाग्भटानेही बलवान आणि तूप-दूध खाणाऱ्या माणसाला, तेही थंडीत आणि वसंतात, अर्ध्या शक्तीने व्यायाम सांगितलाय, आणि इतर ऋतूंत त्याहून मंद. तालमीत जुने वस्ताद हजार जोर आणि दोन हजार बैठकांच्या गोष्टी सांगायचे. पण तीच माणसं दुपारी पोरांना झोपायला लावायची, मालीश करवायची, खुराकाकडे डोळ्यात तेल घालून बघायची. आपण आकडे तेवढे उचलले आणि दुपारची झोप विसरलो.

खांद्याचं मात्र मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण ही चूक मी स्वतः केलीय.

पहिल्या शिबिराहून परतलो तेव्हा माझा डावा खांदा आधीच कुरकुरत होता. चौथ्या दिवसापासून तिथे अधिष्ठानाच्या बैठका असतात, तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. गुडघे पेटतात, मग त्या आगीकडे नुसतं पाहत राहिलं की तिचा मुलामा गळतो, ती लहरीसारखी येते-जाते. ते अनुभवल्यावर मला वाटलं की सगळ्याच दुखण्याची किल्ली सापडली. घरी येऊन मुद्गल फिरवताना खांद्यातली कळ मी तशीच पाहत राहिलो. अनित्य, अनित्य म्हणत दोन महिने काढले. कळ अनित्य होती, पण स्नायूबंधाला पडलेली चीर वाढत गेली. पुढे पाच महिने हात डोक्यावर गेला नाही.

त्या पाच महिन्यांत मी संयुत्त निकाय या संग्रहातलं दोन बाणांचं सुत्त (प्रवचन) पुन्हा वाचलं. अज्ञ माणसाला एक बाण लागतो तो शरीराचा, आणि त्यावर रडून-चिडून तो दुसरा बाण मनाचा लावून घेतो. जाणत्याला एकच लागतो. यात पहिला बाण तसाच राहू द्यावा असं कुठेही म्हटलेलं नाही. बाण लागलाय तर तो उपटायचा, वैद्याला बोलवायचं, आणि उपटताना आरडाओरडा कमी करायचा. आसनात मांडी बधिर होते तेव्हा कुठलीही ऊतक फाटत नसते, म्हणून तिथे पाहत राहणं सुरक्षित असतं. वजनाखाली सांध्यात टोचणारी, एका बोटाने दाखवता येणारी, रात्री कुशीवर वळताना जागं करणारी कळ ही वेगळी गोष्ट आहे. स्नायूभर पसरलेलं, दोन दिवसांत उतरणारं दुखणं ही मेहनतीची खूण. सांध्यात रुतलेलं, आठवडे टिकणारं दुखणं दुखापतीची. साधनेने हा फरक लवकर ओळखू यायला हवा, कारण तुला अंगातली बारीक संवेदनाही टिपता येते. ती टिपून तिच्यावर वजन टाकत राहणं हा साधनेचा उपयोग नव्हे.

आता जे नाव मी मघाशी राखून ठेवलं ते. बुद्धांनी तीन मद सांगितलेत: तारुण्याचा, आरोग्याचा आणि जगण्याचा. यौवनमद, आरोग्यमद, जीवितमद. धम्म आडवा येतो तो या आरोग्यमदाला. भिक्खू जेवताना जे चिंतन करतो त्यातही हेच आहे: हे अन्न खेळासाठी नाही, मदासाठी नाही, अंग सजवायला नाही, देह टिकावा आणि साधना चालावी म्हणून आहे. ते वाचून जिमला जाणाऱ्याला टोचणारच, आणि टोचावं. तुझे वडील "सजवायचं" म्हणाले तो शब्द अगदी नेमका पडलाय.

मी ज्या तालमीत वाढलो तिथे आरसा नव्हता. मारुतीची मूर्ती, जुन्या पैलवानांचे फोटो, हौदात हळद, ताक, तेल घालून मळलेली लाल माती. आपलं अंग कसं दिसतंय हे तिथे कळत नसे, समोरच्याची पकड सुटली की नाही एवढंच कळे. आज माझ्या जिममध्ये तीन भिंतींना आरसे आहेत. पोरं सेट संपला की आरशाकडे वळतात, मग मोबाईलकडे. एका हुशार पोराचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने तो घराबाहेर पडला नाही, दंड बारीक दिसतात म्हणून. पाय बरा होत होता, पण त्याला आपण कोण आहोत हेच कळेनासं झालं होतं. आरोग्यमद उतरताना असं होतं. पैलवानांतही मी तो पाहिलाय. मैदान गाजवलेला माणूस चाळिशीनंतर खुराक तोच ठेवतो, मेहनत सुटते, पोट सुटतं, साखर वाढते, आणि तो लोकांना भेटायचं टाळतो. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे कमी होत जातात, मेहनत केली तर हळू, न केली तर भराभर. हे मनाला आधीच मान्य असलं तर पन्नाशीतला माणूस कमी वजनाने सुखाने व्यायाम करतो. धम्माचा जिमला खरा उपयोग होतो तो मला इथे दिसतो.

म्हणून तृष्णा कशी ओळखायची हे विचारलंस त्याला माझी कसोटी सांगतो. घरच्या लग्नामुळे चार दिवस व्यायाम बुडाला तर तुझं काय होतं ते बघ. चुटपुट लागली तर हरकत नाही, ती आवड आहे, पालीत तिला छंद म्हणतात आणि कुशल छंदाशिवाय साधनाही होत नाही. पण तू घरच्यांवर खेकसायला लागलास, ताटातली पोळी बघून अपराधी वाटायला लागलं, तर तिथे थांबून बसायचं आणि पाहायचं.

सतिपट्ठान या जागरूकतेवरच्या सुत्तात देहाचे भाग मोजायचं चिंतन आहे, केस, नखं, दात, त्वचा, मांस, स्नायू, हाडं असं. त्याला उपमा दिलीय ती शेतकऱ्याची वाटते. दोन्हीकडे तोंड असलेली धान्याची पिशवी डोळस माणसाने उघडावी आणि म्हणावं, हे साळीचे दाणे, हे मूग, हे उडीद, हे तीळ. पिशवीचा तिरस्कार नाही, कौतुक नाही, आत काय आहे ते बघणं आहे. आरशासमोर उभा राहशील तेव्हा दंडाऐवजी एकदा असं बघून पाहा.

स्टोइकांबद्दल मित्राला थोडं सांग. त्यांच्यातला एपिक्टेटस म्हणतो की फार वेळ व्यायाम, फार खाणं, असं देहातच गुंतून राहणं हे मंद स्वभावाचं लक्षण आहे. सेनेकाही मान-दंड फुगवण्यात वेळ घालवणाऱ्याला नावं ठेवतो, आणि थोडक्यात उरकणारे व्यायाम सुचवतो: धावणं, वजन हलवणं, उड्या. म्हणजे मित्र ज्याला मर्दांचं तत्त्वज्ञान म्हणतो तेही आरशाच्या बाजूने उभं राहत नाही. मला त्यांच्यातलं घ्यावंसं वाटतं ते मार्कस ऑरेलियसचं एक वाक्य. जगण्याची कला नाचापेक्षा कुस्तीच्या जवळची आहे असं तो म्हणतो, कारण अचानक अंगावर येणाऱ्या गोष्टीपुढे पाय रोवून उभं राहावं लागतं. १९०२ च्या परदेश दौऱ्यावरून परतलेल्या शाहू महाराजांनी पुढे ज्या गावात खासबाग मैदान उभं केलं, तिथल्या माणसाला रोमच्या सम्राटाचं हे बोलणं परकं वाटू नये.

गीतेत सहाव्या अध्यायात युक्त आहार-विहार आहे, आणि सतराव्यात देहाला उगाच पिळणाऱ्या तपाला आसुरी म्हटलंय. मतं जुळतात. जैन विचार मात्र वेगळा, आणि तुझ्या हातकणंगल्यातच कुंभोजला बाहुबलीची उंच मूर्ती उभी आहे. द्वंद्वयुद्ध जिंकूनही राज्य सोडून कायोत्सर्गात, म्हणजे देहाचं भान सोडून ध्यानात, उभा राहिलेला, पायांवर वेली चढलेला मल्ल. सुंदर आहे ते. पण ती वाट देह सोडत जाण्याची आहे. गृहस्थाने तिच्यातून सूर्यास्ताआधीचं हलकं जेवण घ्यावं, माझ्याकडच्या दोन जैन पोरांना ते छान लागू पडलंय. दोन्ही वेळा पोटभर जेवून, हे लक्षात घे.

शीलांबद्दल. पहिल्या, जीवहिंसा टाळायच्या शीलामुळे अंडं-मटण खावं का, असं विचारलंस. बुद्धांनी मांस सरसकट बंद केलं नव्हतं. आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका असली तर भिक्खूने ते घेऊ नये असा नियम होता. तू तुझ्या मनाने ठरव. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात राहून मी बारा वर्षं शाकाहारावर आहे आणि ताकद गेली नाही. ताकद कमावणाऱ्याला दर किलोला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे तुला १०५ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम सोया वड्या, अर्धा लिटर म्हशीचं दूध, मूठभर शेंगदाणे, १०० ग्रॅम हरभरे, वाटीभर डाळ आणि तीन भाकऱ्या एवढ्यात ते बसतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारे पैलवान पावडर आणत नव्हते. जास्त खाण्याची भीती वाटत असेल तर कोसलचा राजा पसेनदी आठव. दोणभर (दोण हे जुनं मोठं माप) भात खाऊन धापा टाकत यायचा. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, मात्रा ओळखून खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने ती ताटावर बसल्यावर म्हणून दाखवायला एक तरुण नेमला, आणि भात हळूहळू कमी होत एका नाळीवर, म्हणजे लहान मापावर, आला. गाथेऐवजी पहिला घास घेण्याआधी तीन श्वास थांबलास तरी चालेल.

पाचवं शील मद्याचं आहे. इंजेक्शनं त्यात शब्दाने येत नाहीत, पण शीलात ज्या प्रमादापासून (बेसावधपणापासून) सावध केलंय तो प्रमाद तोच, असं मी मानतो. बाहेरून संप्रेरक घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि नंतर ते परत सुरू होईलच याची खात्री नसते. जिममध्ये कुणी देऊ केलं तर हात जोडून निघ.

बसायचं कधी? मी व्यायामाआधी बसत नाही, कारण मग मन पुढच्या सेटकडे धावतं. साडेपाचला मेहनत, मग वीस मिनिटं सावकाश चालणं, घाम वाळला की पाऊण तास बैठक. दमलेलं अंग आपोआप स्थिर बसतं. झोप आली तर डोळे उघडून पुन्हा चालावं.

रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. खांदा या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव, आणि तोवर प्रेस, डिप्स आणि जोर बंद. बैठका, चालणं, पोटाचे व्यायाम चालू ठेव. काय निघालं ते कळव, पुढचं वेळापत्रक त्यावर बसवून देतो.